शरणपूरहून झोंब्याला

माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. छत्तीस वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले, पेन्शन सुरू झालं, कुठे काही अडलं नाही. अडलं ते एकसष्टाव्या वर्षी, आफ्रिकेतल्या मलावीत. नर्सच्या नोंदणीच्या कचेरीतल्या त्या तरुण मुलीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही नावांवर बोट ठेवलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, “अगोगो, या दोघी एकच आहेत हे मी कशावरून लिहू?”

अगोगो म्हणजे आजी. आजोबालाही अगोगोच. तेव्हा मला एवढाच शब्द कळत होता.

आम्ही दोघं नाशिकचे. हे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे निदेशक होते. मी सरकारी रुग्णालयात, आधी प्रसूती विभागात आणि शेवटची नऊ वर्षं नवजात बाळांच्या कक्षात. मुलीचं लग्न झालं, ती पुण्यात आहे, नात सहा वर्षांची. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून दोन वर्षं मिशनच्या कामाला द्यायची, हे आमचं लग्नाच्या वेळेपासून ठरलेलं होतं. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे अजून गोरा साहेब आणि मडमच डोळ्यांसमोर येतात. पण पेन्शनवर जगणारं मराठी जोडपंही मिशनरी असू शकतं. पगार नाही. राहायला क्वार्टर, जेवणखर्चाला थोडी रक्कम, बाकी आपलं आपण. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, आणि तिथली मंडळी यांच्यात वर्षभर पत्रव्यवहार झाला आणि मलावीच्या दक्षिणेला, झोंब्याच्या बाजूच्या एका मिशन हॉस्पिटलसाठी आमची नावं ठरली.

मलावीच का, असं खूप जणांनी विचारलं. एक कारण माझ्या कामाचं. २०१२च्या जागतिक अहवालात दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण सगळ्यात जास्त मलावीत होतं, शंभरात अठरा. ज्या कामात माझी हयात गेली ते काम जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे जावं, असं मला मनापासून वाटलं.

दुसरं कारण शरणपूरचं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशकातल्या आमच्या शरणपुरात गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला होता. अरबी गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही मुलं मुंबईत उतरवत आणि तिथून नाशिकला आणत. लिहायला-वाचायला शिकवत, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. त्यांतली काही पुढे मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत परत गेली. जेकब वेनराइटही याच आश्रमातला, याओ जमातीचा. १८७३मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय जिथे पुरलं तिथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या नाशकात शिकलेल्या मुलाने. बाकीच्यांबरोबर तो देह समुद्रापर्यंत पोचवायला तोही चालला आणि १८७४च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा देणाऱ्यांत तो होता. हे मी लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेलं. झोंब्याच्या आसपासचा भाग हाही याओ लोकांचाच मुलूख. तिथली लेकरं आमच्या गावात येऊन राहिली होती. आपण एकदा तिकडे जावं, हे माझ्या मनात फार वर्षांपासून होतं.

तयारीचं थोडक्यात सांगते. आमच्या वयाच्या कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. पिवळ्या तापाची लस साठीनंतर पहिल्यांदा घेताना जोखीम जरा जास्त असते, म्हणून आधी डॉक्टरांशी नीट बोलून मगच ती घ्यावी. आम्ही अदिस अबाबावरून जाणार होतो, तिथून भारतात परतताना तिचा दाखला मागतात, म्हणून घेतली. दाखला दहा दिवसांनी लागू होतो, तो हिशेब तारखांत धरायचा. दातांची सगळी कामं इथेच उरकायची. ह्यांना मधुमेह आणि मला रक्तदाब, तेव्हा सहा महिन्यांच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो फोनवर चेहरा दाखवून करायचा सराव आम्ही मुलीकडून करून घेतला. बँकेचा ओटीपी येणारं सिमकार्ड परदेशात चालू राहील याची सोयही तिनेच केली. सामानात कुकरच्या चार रिंगा, तवा, पोळपाट-लाटणं, काळा मसाला आणि दोन मच्छरदाण्या.

पोलिसांचा दाखला, नर्सिंग कौन्सिलचं पत्र, शिक्षणाचे कागद, सगळ्यांवर अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणूनचे, शिक्के घेतले. लग्नाचा दाखला मात्र घेतला नाही. चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसांना तो आठवत नाही.

२०२४च्या मे महिन्यात ब्लँटायरला उतरलो तेव्हा थंडी होती. आफ्रिका म्हणजे ऊन अशी माझी समजूत, आणि इथे मे ते ऑगस्ट गार वारं. मोझांबिकच्या बाजूने चिपेरोनी नावाचं वारं येतं. दिवसचे दिवस बारीक भुरभुर आणि धुकं. झोंब्याचा डोंगर दिसेनासा होतो आणि कपडे वाळत नाहीत. मुलीने बळेच कोंबलेली शाल पहिल्याच रात्री बाहेर काढली.

त्या वर्षी तिथे पाऊस दगा देऊन गेला होता. मार्चमध्येच सरकारने देशातल्या अठ्ठावीसपैकी तेवीस जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली होती. मका हातात यायच्या दिवसांत लोकांच्या शेतात वाळलेली ताटं उभी होती. आणि तरी पहिल्या आठवड्यात आमच्या दाराशी कुणी ना कुणी यायचं. दार ठोठावत नाहीत. अंगणात उभं राहून “ओडी!” अशी हाक देतात, आतून आपण “ओडीनी!” म्हणायचं. कुणी दोन अंडी आणलेली, कुणी लाल भोपळा. देताना बाई गुडघे टेकते आणि दोन्ही हातांनी देते. पहिल्यांदा मी धावत जाऊन तिला उठवायला गेले. नंतर कळलं की ते चूक. आपणही खाली बसून दोन्ही हातांनी घ्यायचं आणि “झिकोमो” म्हणायचं. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचं पीठ नाही त्याच्याकडून भोपळा घेताना हात जड होतो. पण परत करणं हा त्याचा अपमान आहे, हे तिथल्या मेट्रनबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. आम्ही द्यायला गेलो होतो, आणि आधी घ्यायला शिकावं लागलं.

ह्यांचं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू. तिथे वीज जाते, तासन् तास. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद पडले की बाळांचा श्वास त्यावर लटकलेला. ह्यांनी आल्या आल्या सगळी बॅटरी बँक उघडली, कुठली बॅटरी धरते आणि कुठली नाही याची वही केली, आणि दोन तरुण मुलांना हाताशी घेऊन नवजात कक्षाची लाइन बाकीच्या इमारतीपासून वेगळी केली. ह्यांना भाषा येत नव्हती, पण टेस्टर आणि मल्टिमीटरला भाषा लागत नाही. रोज संध्याकाळी हात काळे करून घरी यायचे आणि चेहरा असा खुललेला, की तीस वर्षांपूर्वीचे हे मला परत दिसायचे.

आणि मी घरात. नावाचा घोळ मिटेपर्यंत नर्स म्हणून माझी नोंदणी होणार नव्हती, आणि नोंदणीशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. नियम बरोबर आहे. आपल्याकडे कुणी परदेशातून येऊन असंच म्हणाली असती तर मीही तिला वॉर्डात घेतलं नसतं. पण काचेपलीकडे बाराशे-तेराशे ग्रॅमची बाळं दिसावीत आणि आपण बाहेर उभं राहावं, हे मला फार कठीण गेलं. पहिले पंधरा दिवस मी गॉझच्या घड्या घातल्या. मग मेट्रनबाई म्हणाल्या, “तुम्ही गार्डियन्समध्ये जाऊन बसा. चिचेवा तिथे शिकाल.” चिचेवा ही तिथली भाषा.

मलावीत प्रत्येक रुग्णाबरोबर घरचं एक माणूस येतं, त्याला गार्डियन म्हणतात. सैपाक, धुणं, रुग्णाला खाऊ घालणं, सगळं तेच करतं. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नातेवाईक जिन्यात आणि झाडाखाली पथारी टाकतात. इथे त्यांच्यासाठी हॉस्पिटलच्या मागे वेगळी शेड असते, तिच्यात चुली. धुराने भिंती काळ्या, बाहेर एक नळ, आणि सकाळपासून बायकांची लगबग. मी रोज नऊ वाजता तिथे जाऊन बसू लागले.

तिथे मला एक म्हातारी भेटली. चिल्वा तळ्याच्या बाजूच्या गावची, याओ, मुसलमान. सुनेला सातव्याच महिन्यात बाळ झालं होतं, तेराशे ग्रॅमचं, म्हणून ही गार्डियन. वय विचारलं तर हसली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असावी, कदाचित लहानही असेल. तिने पहिल्या दिवशी काही न बोलता माझ्या मांडीवर भोपळ्याच्या पानांची जुडी ठेवली.

ही भाजी न्खवानी. देठ टोकाशी मोडायचा आणि खाली ओढायचा, की देठावरची दोऱ्यासारखी शीर पानाच्या पाठीवरून सळसळत निघून येते. तीन-चार शिरा काढल्या की पान मऊ पडतं. मी हे आजीजवळ बसून केलं होतं, इगतपुरीकडच्या आमच्या गावी, अगदी असंच. माझा हात चालू लागला तशी म्हातारी बघत राहिली आणि शेजारणीला काही तरी म्हणाली. पुढे टोमॅटो घातला, मीठ घातलं, आणि मग कुटलेल्या शेंगदाण्याची पूड, न्सिन्जिरो. दाण्याचं कूट! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूरही होता, पण धुराचं पाणी नव्हतं ते.

मग एकेक शब्द जोडत गेले. बोनोंग्वे म्हणजे आपला माठ. नांडोलो म्हणजे तूर, आणि ती इथून आपल्या भारतातच विकायला येते. मापिरा म्हणजे ज्वारी, ती खालच्या शिरे खोऱ्यात होते. सकाळी भेटलं की “म्वाद्झुका ब्वांजी?”, कशा उठलात? दुपारनंतर विचारायचं ते वेगळं, दिवस कसा गेला. या विचारपुशीशिवाय कामाचं बोलायला सुरुवात केली तर माणसं गप्प होतात. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखं त्यांचं ‘इवे’ आणि ‘इनु’, त्यामुळे मोठ्यांशी आदराने बोलायचं मला वेगळं शिकावं लागलं नाही. आणि ‘पेपानी’. कुणाला ठेच लागली, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाचं माणूस गेलं, तर चूक आपली नसली तरी ‘पेपानी’ म्हणायचं. मराठीत यासाठी आपण ‘अरेरे’ म्हणतो, पण ते दुरून म्हटल्यासारखं वाटतं. पेपानी म्हणताना माणूस जवळ येतं.

जूनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष साउलोस चिलिमा यांचं विमान चिकांगावाच्या जंगलात कोसळलं आणि बरोबरच्या सगळ्यांसह ते गेले. सबंध देश सुन्न झाला. त्याच आठवड्यात आमच्या हॉस्पिटलच्या माळ्याची आई वारली. मालिरोला, म्हणजे मयतीला, सगळ्यांनी जायचं. पुरुष बाहेर अंगणात, बायका आत, मृताजवळ, जमिनीवर चटईवर. मी चितेंजे कमरेला गुंडाळून गेले. चितेंजे म्हणजे दोन वारी छापील कापड, बायका ते स्कर्टसारखं गुंडाळतात, त्यात बाळ बांधतात, त्याचंच ओझ्याखाली चुंबळ करतात. चार तास आम्ही बायका खांद्याला खांदा लावून बसलो. त्यांची गाणी मला समजली नाहीत, पण दोन सूर ओळखीचे निघाले. तेच सूर आम्ही शरणपुरात मराठीत म्हणतो. मी हळू आवाजात मराठीत म्हटलं. शेजारच्या बाईने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्या दिवसानंतर बाजारात मला कुणी ‘अम्वेन्ये’ म्हणजे ‘ते भारतीय लोक’ म्हटलेलं आठवत नाही. अगोगोच म्हणतात.

जुलैत हे आजारी पडले. मच्छरदाणी रोज लावत होतो तरी मलेरिया झाला. बोटाच्या रक्तावरची तपासणी पंधरा मिनिटांत पॉझिटिव्ह. औषधाच्या चार चार गोळ्या, तीन दिवसांत सहा वेळा, आणि त्या स्निग्ध काही तरी खाऊन घ्याव्या लागतात, नाही तर अंगी लागत नाहीत. ह्यांना अन्न समोर नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू आणि पोटात काही नाही, दुसऱ्या रात्री साखर उतरली, वीज गेलेली. टॉर्च तोंडात धरून मी ग्लुकोमीटर लावला. ५४. हात कापत होते, चाळीस वर्षांच्या सवयीचे हात. साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. परत मोजलं, परत पाजलं. पहाटे अंगणातून आवाज आला, “ओडी!” मेट्रनबाई, बॅटऱ्यांवर काम करणारी ती दोन मुलं, आणि शेडमधली ती म्हातारी. हातात शेंगदाण्याची पातळ पेज. “पेपानी, अमायी, पेपानी,” म्हणत ती थेट आत आली आणि ह्यांच्या उशाशी बसली.

मुलगी फोनवर रडली, परत या म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. साठी ओलांडलेल्या आईबापांना अशा ठिकाणी सोडणं सोपं नाही, आणि ‘देवाचं काम’ एवढं म्हणून तिची काळजी झटकणं मला पटत नाही. आम्ही तिच्याशी ठरवलं की दर तीन महिन्यांनी तपासण्या करायच्या, रिपोर्ट तिला पाठवायचे, आणि डॉक्टरांनी परत जा म्हटलं तर तिसऱ्या दिवशी निघायचं. तो शब्द आम्ही पाळतोय.

नावाचा घोळ सुटला तो शरणपूरच्या रजिस्टरमुळे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी कपाटातलं लग्नाचं जुनं रजिस्टर काढून आमची नोंद शोधली. तिथे दोन्ही नावं एका ओळीत होती, माहेरचं आणि सासरचं, खाली आमच्या सह्या. त्यांनी दाखला दिला, मुलीने रजा काढून तो मुंबईला नेला, शिक्के झाले, आणि सप्टेंबरच्या शेवटी माझी नोंदणी झाली. कचेरीतली तीच मुलगी. तिने नोंद वाचली आणि म्हणाली, “आता दोघी एक झाल्या.”

वॉर्डात गेले तेव्हा त्या शेडमधल्या सव्वातीन महिन्यांची किंमत कळली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, कांगारूसारखं, हे मलावीत पहिल्यांदा सुरू झालं ते झोंब्याच्याच सेंट्रल हॉस्पिटलात, १९९९मध्ये. आम्ही नाशकातही हे करायचो, पण बाळ सटकायचं, आया कंटाळायच्या, आणि पाठ वळली की बाळ पाळण्यात. इथे मला बांधायला शिकवलं होतं त्या म्हातारीने, शेडमध्ये, लाकडाचा ठोकळा बाळ म्हणून धरून. चितेंजेची वरची कड बोटभर गुंडाळून ती बाळाच्या कानाच्या पाळीखाली आणायची. कापड काखेखालून घट्ट न्यायचं, आणि गाठ पुढे न मारता दोन्ही टोकं पिळून आत खोचायची. गाठ टोचते, पीळ टोचत नाही. मग आई पाणी भरो, सैपाक करो, बाळ हलत नाही. तिची नात अशीच अठराशे ग्रॅमवर गेली आणि घरी निघाली.

म्हातारी घरी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी शेडच्या पायरीवर बसलो होतो. माझी चिचेवा तेव्हा मोडकीतोडकी पण चालण्याजोगी झाली होती, आणि शेजारी एक शिकलेली सून अडेल तिथे मदतीला. मी तिला जेकब वेनराइटचं आणि त्या मुलांचं सांगितलं. तुमची, याओंची मुलं, धरून नेलेली, माझ्या गावात आणली होती, दीडशे वर्षांपूर्वी. ती वाचायला शिकली, लोहारकाम शिकली, मोठी झाली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “त्यांना जेवायला कोण घालायचं?”

मी म्हटलं, आश्रमातर्फे मिळत असेल.

“ते नाही,” ती म्हणाली. “हाताने कोण घालायचं? कुठली बाई?”

मला उत्तर देता आलं नाही. साहेबांची नावं मला माहीत होती, गव्हर्नरांचं माहीत होतं, कोणत्या साली कोण कुठल्या जहाजाने गेलं तेही. शरणपूरच्या कुठल्या बाईने त्या पोरांना भाकरी थापून दिली, ती त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मी बासष्टाव्या वर्षात पाय टाकेपर्यंत कधी विचारलंच नव्हतं. म्हातारी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “तू घरी विचार.”

त्या रात्री मी पाळकसाहेबांना लिहिलं. जुनी बाप्तिस्म्याची आणि पुरण्याची रजिस्टरं असतील तर त्यांत आश्रमात काम करणाऱ्या बायकांची काही नोंद सापडते का, स्वैपाकीण, दाई, कुणीही. एखादं नाव मिळालं तरी चालेल. चिल्वाच्या बाजूला आमचं फिरतं बालक तपासणी केंद्र महिन्यातून एकदा जातं, मी तिला ते नाव सांगू शकेन.

उत्तर आलंय. वाळवीने दोन वह्या खाल्ल्या आहेत, पण बाकीच्या ठीक आहेत. रविवारी उपासना झाली की कपाट उघडतो, म्हणालेत.